लातूरची सॉफ्टवेअर कंपनी: ३४ ग्राहक, पुण्याचा रस्ता आणि मामांचे २५ लाख

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरचे दोन मित्र, दोघंही इंजिनिअर. दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी सोडून गावी आले, भागीदारी फर्म काढली आणि आडत दुकानं (शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणारी) व दालमिलसाठी सॉफ्टवेअर केलं. आज ३४ ग्राहक आहेत, प्रत्येकाला थोडं वेगळं करून दिलंय. सुरुवातीला एकदाच १८,००० रुपये घेतात, पुढच्या वर्षापासून ३,००० रुपये एएमसी, म्हणजे वर्षाची देखभालीची रक्कम. पहिल्या वर्षीच्या १४ ग्राहकांपैकी ९ जणांनी एएमसी भरली. दिवसभर फोन चालू असतात, नवीन काम करायला वेळ मिळत नाही. एकाचे मामा २५ लाख द्यायला तयार आहेत, बदल्यात ४० टक्के हिस्सा मागतात. पैसे घ्यावेत का, ऑफिस पुण्याला न्यावं का, आणि आधी माणसं ठेवावीत की आधी विक्री वाढवावी, अशी विचारणा आहे.

माझी कंपनी संभाजीनगरात आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो, त्याला अठरा-एकोणीस वर्षं झाली. मोंढा, म्हणजे धान्याचा घाऊक बाजार, हा माझा धंदा नाही, पण काही दालमिलवाले ओळखीचे आहेत आणि छोट्या गावातल्या मालकाला सॉफ्टवेअर विकणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. तेवढ्या भांडवलावर लिहितो.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण मला तुमच्या आकड्यांत चौथाच दिसतो. ३४ गुणिले १८,००० म्हणजे ६,१२,०००. एएमसीचे २७,०००. एकूण ६,३९,०००, तेही दोन वर्षांत. महिन्याला साधारण २६,६०० रुपये, दोघांत वाटले तर डोक्यामागे १३,३००, आणि त्यातून पेट्रोल जायचंय. सध्या कंपनी तुमच्या दोघांच्या स्वस्त मजुरीवर चालली आहे. विकणारे तुम्ही, बसवून देणारे तुम्ही, फोन घेणारे तुम्ही, वसुलीला जाणारेही तुम्हीच. ग्राहक ३४ चे ६८ झाले तर हे सगळं दुप्पट होईल, नफा होणार नाही. पुण्याला गेलात तर भाडं वाढेल. २५ लाख आले तर हाच कारभार जास्त पगारावर चालेल. म्हणून आधी बघायचं ते हे, की तुमच्या अंगावरचं एकेक काम तुमच्याशिवाय आणि परवडेल अशा खर्चात होऊ शकतं का. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीच्या तिन्ही प्रश्नांना हात घालू नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. घरचं शेत ओलिताचं आहे की कोरडवाहू, कोणाची बायको नोकरी करते का, कोणाच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे का. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा दुसऱ्या कुणाच्या पगारातून येतो तो तीन वर्षं थांबू शकतो. ज्याचा येत नाही त्याच्याकडे एक हंगाम असतो. तुम्हा दोघांची ही मुदत सारखी नसणारच, आणि दोन मित्रांच्या कंपन्या फुटतात त्या बहुतेक याच फरकावरून. तेव्हा आधी एकमेकांना ही मुदत महिन्यांत सांगा. संकोच वाटेल, तरी सांगा.

आता त्या पाच जणांकडे जा, ज्यांनी एएमसी भरली नाही. नवीन ग्राहकामागे फिरण्यापेक्षा या आठवड्यात हेच करा. फोनवर नको, दुकानात जाऊन बसा. तीन प्रकारची माणसं भेटतील. एकानं सॉफ्टवेअर उघडणंच बंद केलंय, मुनीम पुन्हा वहीवर गेलाय. दुसरा रोज वापरतो, पण पैसे न देताही चालतंय म्हणून देत नाही. तिसऱ्याचा हंगाम बसला, तो पुढच्या वर्षी देईल. यातला दुसरा तुमच्या हातातला आहे, तिसऱ्याला वेळ द्यायची. पहिल्याकडून मात्र शिकून घ्यायचं. पाचापैकी तीन-चार पहिल्या प्रकारचे निघाले तर तुमचं सॉफ्टवेअर अजून तयार नाही, विक्री थांबवून ते दुरुस्त करा. तीन-चार दुसऱ्या प्रकारचे निघाले तर माल चांगला आहे, भाव आणि अटी चुकल्या आहेत. माझा अंदाज दुसऱ्याकडे झुकतो, कारण दिवसभर फोन येतात म्हणजे लोक वापरतात.

तर भावाबद्दल. सपोर्टला एक मुलगा किंवा मुलगी ठेवली, १४,००० पगार धरला, तर वर्षाला १,६८,०००. फोन, पेट्रोल, दिवाळी धरून दोन लाख. ३,००० च्या एएमसीत हा एक माणूस पोसायला ६७ ग्राहकांनी पैसे भरायला हवेत. वर्षाला १२,००० घेतले तर १७ पुरतात. एकदाच मोठी रक्कम आणि नंतर नाममात्र एएमसी ही पद्धत कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानांकडून आपल्याकडे आली. त्यांचं ठीक आहे, त्यांचा माल एकदा दिला की दिला. सॉफ्टवेअर दरवर्षी काम मागतं. सरकारच ते काम आणून देतं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधी बांधून लेबल लावलेल्या डाळीला ब्रँड असो-नसो ५ टक्के जीएसटी लागला. त्या दिवशी ज्या मिलच्या बिलात ३० किलोचं पोतं आणि १ किलोची पिशवी वेगळी ओळखली जात नव्हती, तिथं गोंधळ झाला असणार. तो निस्तरायचं काम ३,००० रुपयांत कसं करणार? म्हणून प्रवेशाची रक्कम कमी करा, वर्षाची वाढवा, आणि वर्ष सुरू व्हायच्या आधी घ्या. ३४ पैकी २५ जण १२,००० वर राहिले तरी ३ लाख होतात, म्हणजे आज नवीन ग्राहक मिळवून जेवढं वर्षाला कमावता जवळजवळ तेवढं, एकही नवीन ग्राहक न आणता.

जुन्या ग्राहकांना हे कसं सांगायचं? त्यांनी १८,००० दिले आहेत, त्यांना फसवल्यासारखं वाटता कामा नये. आम्ही अशा वेळी एक वर्षाची जुनी अट लेखी देतो: पुढचं वर्ष जुन्या दरात, त्यानंतर नवा दर, आणि नव्या दरात काय काय येतं ते एका कागदावर. कायद्यातले बदल, रोजचा बॅकअप आणि संध्याकाळी ७ पर्यंत फोन हे फक्त नव्या दरात. ज्याला नको त्याचं जुनं सॉफ्टवेअर बंद करायचं नाही, त्याचा डेटा अडवायचा नाही. फक्त बदल मिळणार नाहीत. डेटा अडवून वसुली करणारे लोक मी पाहिलेत. मोंढ्यात अशी बातमी दुपारपर्यंत सगळ्या गाळ्यांत पोचते.

पैसे मागायची वेळही बघा. वाळूजला आमचा ग्राहक मोठ्या कंपनीच्या शेड्यूलवर जगतो, तुमचा पावसावर. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतं, तूर जानेवारीपासून, हरभरा त्यामागे. जून-जुलैत आडत्याकडे पैसे मागायला जाणं म्हणजे नाही ऐकायला जाणं. दिवाळी पाडव्याला वही बदलतात, नवं खातं उघडतात, तेव्हा वर्षाच्या सॉफ्टवेअरची रक्कम द्यायला जीव कमी दुखतो. सगळ्या ग्राहकांचं वर्ष पाडव्याला आणून ठेवा, मधले महिने हिशोबानं कापून द्या. आणि एक लक्षात ठेवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते २०१६ साल तुम्ही शाळा-कॉलेजात पाहिलं असेल. तसं वर्ष परत आलं तर तुमचे सगळे ग्राहक एकाच वेळी हात आखडतील. त्यामुळे ३४ चे १०० करताना सगळे लातूर-औसा-रेणापूरचे नकोत. उदगीर, बार्शी, जालना, अकोला, पलीकडे कलबुर्गी असे पसरा. दालमिल या बाबतीत आडतीपेक्षा बऱ्या, त्यांना बाहेरची तूर आणूनही मिल चालवता येते.

आता सॉफ्टवेअरकडे येतो, कारण फोन का येतात याचं उत्तर तिथं आहे. तुम्ही लिहिलंय की प्रत्येकाला थोडं वेगळं करून दिलंय. म्हणजे ३४ ग्राहक आणि ३४ सॉफ्टवेअर. हे सगळ्यात आधी मोडायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ ला वाहनांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी १८ वर आला. आमचे बरेच ग्राहक तेच भाग करतात. आमच्याकडे कोड एकच आहे, प्रत्येक कारखान्याचा फरक सेटिंगमध्ये आहे, म्हणून बदल एकदाच करावा लागला. प्रत्येकाची वेगळी प्रत असती तर पंधरा दिवस सगळी कंपनी मोटारसायकलवर असती.

वेगळेपणाचे दोन प्रकार असतात. एक हिशोबातला खरा फरक. हमालीचा-तोलाईचा दर बाजार समितीप्रमाणे बदलतो, कोणी कट्टा ५० किलोचा धरतो तर कोणी ६० चा, मिलमध्ये डाळीबरोबर चुनी किती, टरफल किती, घट किती धरायची याचं गणित प्रत्येकाचं वेगळं. हे सगळं सेटिंगमध्ये हवं आणि ते करणं हीच तुमची कमाई आहे, कारण पुण्या-बंगळुरात बसून हे कोणाला कळणार नाही. दुसरा प्रकार हौसेचा. एकाला बिलावर वडिलांचा फोटो हवा, दुसऱ्याला रिपोर्टमध्ये रकाने उलटे हवेत. इथं आमचा साधा नियम आहे: एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी मागितलं की सॉफ्टवेअरमध्ये घालतो, एकानंच मागितलं तर त्याची किंमत सांगतो. किंमत सांगितली की निम्म्या मागण्या जागच्या जागी विरतात. नाही म्हणावं लागत नाही, भांडण होत नाही.

अजून एक मागणी तुमच्याकडे येत असणार, नसेल तर येईल: कच्च्याची, म्हणजे बिलाबाहेरच्या व्यवहाराची, सोय करून द्या. पक्क्या बिलाचं एक खातं आणि शेजारी दुसरं. देऊ नका. नीतीचा भाग तुमचा तुम्ही ठरवा, मी धंद्याचं सांगतो. ज्या दिवशी त्या दुकानावर तपासणी येईल, त्या दिवशी तो सांगेल की सॉफ्टवेअरवाल्यानं करून दिलं. आणि ज्या दिवशी तुम्हाला मोठी मिल किंवा बँक ग्राहक म्हणून हवी असेल, त्या दिवशी तुमच्या कोडमध्ये ते बटण सापडेल.

खातेवही करायच्या नादाला लागला असाल तर तेही सोडा. टॅली १९८६ पासून आहे. बाप-लेक गोयंकांनी स्वतःच्याच धंद्याचा हिशोब नीट जमेना म्हणून ते सुरू केलं आणि आज मोंढ्यातला मुनीम कॉम्प्युटरला हात लावतो तो टॅलीसाठी. त्याच्याशी झुंजून तुमचं काय भलं होणार? आम्ही वाळूजला पहिल्यापासून एकच भोक बुजवलं. कारखानदार माल प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला बाहेर पाठवतो, तो परत किती आला, रिजेक्ट किती, बाहेर किती पडून आहे याचा पत्ता नसतो. जुने लोक त्या चलनाला अजून ५७ एफ ४ म्हणतात, एक्साइज जाऊन जीएसटी आला तरी. जीएसटीत तो माल एक वर्षात परत आला नाही तर विकला असं धरतात आणि कर भरावा लागतो. एवढंच काम आम्ही केलं, हिशोब टॅलीत पाठवून दिला. पूर्ण ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) करा म्हणून आग्रह झाला, केलं नाही. छोट्या कंपनीला एकच गोष्ट गावात सगळ्यांत चांगली करता येते, आणि त्याच एका गोष्टीसाठी तुमचं नाव निघतं. तुमची ती गोष्ट मला हिशोबपट्टी वाटते. लिलाव झाला, काटा झाला, शेतकरी दारात उभा आहे, त्याची उचल वजा करून पट्टी हातात पडायला किती वेळ लागतो, हे मोजा. तो वेळ निम्म्यावर आणत असाल तर तेवढ्यावर कंपनी उभी राहते. मिलमध्ये हीच जागा उताऱ्याची आहे: तूर किती गेली, डाळ किती निघाली, रोजच्या रोज. मालकाला झोप त्यानं येते.

विक्रीत मालकापेक्षा मुनीम महत्त्वाचा. पैसे मालक देतो, पण सॉफ्टवेअर मारतो किंवा तारतो तो मुनीम. वीस-पंचवीस वर्षं वही सांभाळलेल्या माणसाला वाटतं, हा डबा आला म्हणजे आपलं काम गेलं. तो उघड विरोध करत नाही. "साहेब, पट्टी चुकली" एवढंच म्हणतो, तेही दुकानात गर्दी असताना. वाळूजला हेच काम स्टोअरकीपर करतो. आम्ही डेमो मालकाला दाखवतो, पण त्याआधी स्टोअरकीपरबरोबर अर्धा दिवस बसतो, त्याचं रजिस्टर बघतो, आणि स्क्रीनवरचे रकाने त्याच रजिस्टरच्या क्रमानं ठेवतो. छापलेला कागद तर हुबेहूब जुन्यासारखा. डिझाइनवाल्या मुलांना हे कुरूप वाटतं. वाटू द्या. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव कुठं आणि वजन कुठं हे मुनिमाच्या हाताला पाठ असतं, ते बदलायचा तुम्हाला काही अधिकार नाही. चार दिवसांनी तोच मुनीम शेजारच्या गाळ्यावर जाऊन सांगतो की रात्री आठला घरी जातो आजकाल. ती तुमची जाहिरात.

विक्री तुमच्या हातून सुटायला लागते ती सीए, कर सल्लागार आणि कॉम्प्युटर दुकानदारांमुळे. टॅलीही गावोगावच्या पार्टनरमुळेच पसरली. पण इथं घाई नको. आधी एकच दुकानदार घ्या, उदगीरचा म्हणा, त्याला पहिल्या वर्षाच्या रकमेतला चांगला वाटा द्या आणि दरवर्षीच्या नूतनीकरणातही थोडा द्या, म्हणजे ग्राहक टिकवण्यात त्याचा स्वार्थ राहील. त्यानं विकलेले आणि त्यानंच बसवून दिलेले दोन-तीन ग्राहक, जिथं तुम्ही एकदाही गेला नाहीत, ते पुढच्या पाडव्याला पैसे भरतात का ते बघा. माझ्या लेखी तुमचा धंदा आहे की नाही याची खरी परीक्षा ही आहे. ३४ ग्राहक झाले ही परीक्षा नव्हे.

कायद्याच्या तारखा वापरायला शिका. ई-इन्व्हॉइसची (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या सक्तीची) मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. दर टप्प्याला एक नवी फळी घाबरून सॉफ्टवेअर शोधत होती. तारीख जाहीर झाली की दोन महिने आधी त्या उलाढालीच्या ग्राहकांची यादी हातात हवी. छोट्या गावात माणसाला "तुमचा वेळ वाचेल" म्हटलं तर तो हसतो, "एक तारखेपासून लागू" म्हटलं तर बसायला खुर्ची देतो.

वसुलीबद्दल थोडं. आडत्यांकडून आगाऊ घ्या हे वर आलंच. मोठ्या मिल किंवा कंपन्या मिळाल्या की त्या बिल मागतील आणि ९० दिवसांनी देऊ म्हणतील. जीएसटी नोंदणी झाल्यावर बिल काढलं की कर पुढच्या महिन्यात तुम्हाला भरावाच लागतो, ग्राहकानं पैसे देवो न देवो. म्हणून वर्षाच्या रकमेसाठी आधी प्रोफॉर्मा, म्हणजे नुसती रक्कम कळवणारा कागद, पाठवा, पैसे आले की टॅक्स इन्व्हॉइस. उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी आज करून टाका, ती फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं तुमच्यासारख्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, उशिरावर व्याजही आहे. २०२३-२४ पासून आयकरातही आलं की असं बिल मुदतीत दिलं नाही तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत देणाऱ्याला तो खर्च धरता येत नाही. प्रत्यक्षात तक्रार करायला कुणी जात नाही, ग्राहक तुटतो. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की त्यांचा सीएच मार्चमध्ये विचारतो, यांचे राहिलेत का. तेवढा उपयोग पुष्कळ झाला.

पुणे. नका जाऊ, निदान आत्ता. तुमचा ग्राहक इथं आहे, तुमचं शहाणपण इथल्या काट्यावर घडलंय. लोक झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण देतात, तमिळनाडूत तेनकाशीच्या खेड्यात बसून कंपनी चालते म्हणून. ती कंपनी १९९६ ची आहे, खेड्यात गेली तेव्हा तिच्याकडे जगभरचे ग्राहक आणि भरपूर नफा होता. तेव्हा गावात राहिल्यानं कंपनी मोठी होते असं ते उदाहरण सांगत नाही. इतकंच सांगतं की चांगलं काम गावातून करता येतं. लातूरची अडचण माणसांची आहे. हुशार मुलं बारावीलाच बाहेरची वाट धरतात. बीसीए-एमसीएस झालेला मुलगा तुमच्याकडे दोन वर्षं शिकेल आणि हिंजवडीला जाईल. त्याला दोष देऊ नका, तुम्हीही गेला होतात. आम्ही माणूस घेताना एक गोष्ट बघतो: याला या गावात राहायला आमच्याशिवाय दुसरं कारण आहे का? लग्न होऊन गावात आलेल्या, पदवी असून घरी बसलेल्या मुली, घरची शेती बघणारा मुलगा, आईवडील एकटे असलेला. आमच्याकडचे सगळ्यात जुने लोक असेच आले आहेत. पगार पुण्याच्या बरोबरीनं देता येणार नाही, पण तारखेला देता येतो, आणि छोट्या कंपनीत तारखेला पगार ही गोष्ट लोक घरी जाऊन सांगतात.

पहिला माणूस सपोर्टचा ठेवा, प्रोग्रामर नको. महिनाभर येणारा प्रत्येक फोन वहीत लिहा: कोण, काय अडलं, किती मिनिटं. महिन्याच्या शेवटी दिसेल की निम्मे फोन चार-पाच कारणांचे आहेत. प्रिंटर, वीज गेल्यावर उघडत नाही, नवा शेतकरी कसा टाकायचा. त्या चार-पाच कारणांवर प्रोग्रामिंगचे पुढचे दोन महिने घाला. वीज आणि नेट गेलं तरी काट्यावरचं काम थांबता कामा नये, डेटा आधी दुकानातल्या कॉम्प्युटरवर, मग वर. मोंढ्यात हे ज्याला जमलं नाही त्याचं बाकी काही बघतच नाहीत.

शेवटी मामा. २५ लाखांना ४० टक्के म्हणजे तुमच्या कंपनीची किंमत मामांनी साडेबासष्ट लाख धरली. वर्षाला सव्वातीन लाख मिळवणाऱ्या फर्मला हा भाव वाईट नाही, उदारच आहे. पण तुम्ही दोघं ३०-३० वर याल आणि ज्याचा मामा आहे त्याच्या घराकडे ७० टक्के जातील. दुसऱ्या मित्राला हे आज चालेल, दोन वर्षांनी टोचेल. शिवाय भागीदारी फर्ममध्ये हिस्सा घेतला तर मामा भागीदार होतात आणि फर्मच्या देण्याला त्यांची घरदार-मालमत्ताही बांधली जाते. हे त्यांना कोणी सांगितलेलं नसणार. तुम्ही सांगा. पुढं प्रायव्हेट लिमिटेड केलीत तरी, मामा तिचे भागधारक किंवा संचालक नसतील तर, त्यांचं साधं कर्ज कंपनीत घेता येत नाही. आयकर कायद्याला मामा नातेवाईक वाटतात, कंपनी कायद्याच्या यादीत मात्र ते नाहीत, त्यामुळे ती रक्कम ठेव धरली जाते. स्टार्टअप म्हणून मान्यता असेल तर २५ लाख किंवा जास्त रक्कम एकरकमी कन्व्हर्टिबल नोटवर (पुढं हिश्श्यात बदलता येणारं कर्ज) घेता येते. ती वाट नंतरसाठी ठेवा.

बाहेरचा गुंतवणूकदार आत्ता नको, कारण त्याला काही वर्षांत दहा-वीसपट वाढ हवी असते आणि तुमचा बाजार तेवढा आहे की नाही हे तुम्ही अजून मोजलेलं नाही. बाजार समित्यांकडे परवानाधारक आडत्यांच्या याद्या असतात, मोजून काढा. संभाजीनगरला सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनेचं मॅजिक हे नव्या कंपन्यांना मदत करणारं इनक्युबेटर आहे, तिथं एकदा जाऊन या. पैशापेक्षा तिथं भेटणारे कारखानदार कामाचे.

मी तुमच्या जागी असतो तर आधी आपल्या दोघांचा करार लिहून घेतला असता: मधेच कोणी सोडलं तर त्याचा हिस्सा किती उरतो, चार वर्षांत हळूहळू हिस्सा पक्का होणं, कोडची मालकी फर्मची. मग मामांकडून ५ लाख कर्ज म्हणून, बँकेतून, फर्मच्या खात्यात, व्याज आणि परतफेड लिहून. रोख २०,००० किंवा त्याहून जास्त घ्यायचं नाही, दंड तेवढ्याच रकमेचा असतो. त्यातले ४ लाख एका सपोर्टच्या माणसाचे दोन वर्षांचे, उरलेले ३४ प्रतींचा एक कोड करायला आणि उदगीर-जालन्याच्या फेऱ्यांना. बाकीचे वीस लाख मामांच्या एफडीत राहू द्या. दोन पाडव्यांचे नूतनीकरणाचे आकडे घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जा, हिश्श्याची बोलणी तेव्हा करा.